बातमी आहे की जाहिरात, एवढं तरी सांगा

सकाळी एका जुन्या सहकाऱ्याने लिंक पाठवली, तेव्हापासून डोकं तापलंय. एका टेक ब्लॉगवर एका नव्या स्टार्टअपची आरती ओवाळली आहे. संस्थापकाचा हसरा फोटो, 'क्रांतिकारी', 'या क्षेत्रातलं पहिलंच' वगैरे. एकही आकडा तपासलेला नाही, एकाही ग्राहकाला विचारलेलं नाही. आणि त्या ब्लॉगच्या मालकाने याच स्टार्टअपमध्ये पैसे घातलेत, हे अख्ख्या लेखात कुठेही नाही. गुपित म्हणावं तर तेही नाही, स्टार्टअपच्या स्वतःच्या वेबसाइटवर गुंतवणूकदारांमध्ये त्याचं नाव आहे. फक्त वाचकाला सांगायचं नाही.

हाच तो ब्लॉग, ज्याने आमची कंपनी 'बंद पडतेय' असं छापलं होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो प्रकार माहीत आहे. मी तेव्हा कस्टमर सपोर्ट बघत होते. रात्री उशिरा कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावर एका ओळीचा मेल आला, 'प्रतिक्रिया द्या'. सकाळी कुणी तो उघडायच्या आत बातमी लागलेली, आणि त्यात 'संपर्क साधूनही प्रतिसाद मिळाला नाही'. आधार काय, तर 'सूत्र'. म्हणजे आमच्याकडून भांडून गेलेला एक माणूस. मग फोन सुरू झाले. एक ग्राहक बाई रडकुंडीला येऊन विचारत होत्या, "माझ्या सगळ्या नोंदी तुमच्याकडे आहेत, त्या परत कशा मिळणार तेवढं सांगा." काय सांगणार? नव्याने रुजू होणारी एक मुलगी आदल्या दिवशी हो म्हणाली होती, तिने घरच्यांनी बातमी वाचल्यावर नकार कळवला.

आमच्याकडे पैसे कमी होते, हे खरं. ते छापायचा त्यांना हक्कही होता. पण हातात पैसे कमी असणं वेगळं आणि कंपनी बंद पडणं वेगळं. एक फोन केला असता तर कळलं असतं.

दुपारी गुपचूप मथळा बदलला. 'बंद पडतेय'चं 'अडचणीत?' झालं. खाली दुरुस्तीची ओळ नाही, दिलगिरी तर सोडाच. लिंकच्या पत्त्यात मात्र जुना मथळा आजही जसाच्या तसा आहे.

कुणीतरी म्हणेलच की हे क्षेत्र लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. ओळखा ना, पण ते लिहा! २०११ साली 'टेकक्रंच' या अमेरिकी टेक बातम्यांच्या साइटचा संस्थापक मायकेल अ‍ॅरिंग्टनने स्टार्टअपमध्ये पैसे घालणारा स्वतःचा फंड काढला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यात टेकक्रंचची मालक कंपनी 'एओएल'चेही पैसे होते. शेवटी त्याला टेकक्रंच सोडावं लागलं. मला तो माणूस काही फार पटत नाही, पण आपण गुंतवणूक करतोय हे त्याने उघड सांगितलं होतं. २०२२ मध्ये उघड झालं की 'द ब्लॉक' या क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनांच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या प्रमुखाने ज्या 'एफटीएक्स' या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या समूहाबद्दल तिथे बातम्या येत होत्या त्याच समूहातल्या 'अलामेडा' या कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. तिथल्या पत्रकारांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे केलेल्या कामावरही संशय आला, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

आणि त्याच वर्षी 'कॉइनडेस्क' या क्रिप्टोच्याच दुसऱ्या बातम्यांच्या साइटने काय केलं? अलामेडाच्या ताळेबंदाची बातमी दिली, तिथून 'एफटीएक्स' कोसळलं, आणि त्या पडझडीत कॉइनडेस्कच्या तेव्हाच्या मालक समूहाचीच 'जेनेसिस' ही कंपनी २०२३ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली. मालकाच्या घरापर्यंत आग गेली तरी बातमी दिली. याला म्हणतात व्यावसायिकता. त्यामुळे 'आम्हाला जमत नाही' हे मला सांगू नका.

बातमीदार मुलांवर माझा राग नाही. आमची बातमी ज्याने लिहिली तो नंतर एका कार्यक्रमात भेटला. विशीतला पोरगा. दिवसभर एकामागून एक बातम्या टाकाव्या लागतात म्हणाला, मथळा संपादकाने दिला होता म्हणाला. "ताई, फोन करायचा होता, पण थांबू नको म्हणाले." मान खाली घालून बोलत होता. त्याच्यावर काय ओरडणार? त्याला घाई करायला लावणारा माणूस आज आपल्याच गुंतवणुकीचं कौतुक त्याच्यासारख्या पोरांकडून लिहून घेतोय, राग त्याचा आहे.

जाहिरातीशिवाय लहान ब्लॉग चालत नाही, मान्य. घ्या जाहिराती, वर 'प्रायोजित' लिहा. पण आपल्या माणसाला आठवडाभर आधी प्रश्न पाठवायचे आणि दुसऱ्याला मध्यरात्री एक ओळ, हे कुठल्या हिशोबात बसतं? आमच्या त्या बाईंना आपल्या नोंदी सुरक्षित आहेत हे पटायला महिने लागले. तोवर त्या रोज फोन करायच्या आणि मी रोज तेच सांगायचे.

आत्ताच ब्लॉगच्या संपादकांना मेल केलाय. आजच्या लेखाखाली मालकाच्या गुंतवणुकीची ओळ टाका आणि आमच्या जुन्या बातमीखाली दुरुस्ती छापा, एवढंच मागितलंय. त्यांच्यासारखं एका ओळीत उरकलेलं नाही, नीट मुद्दे लिहिलेत आणि उत्तराला पुरेसा वेळही दिलाय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकते.