खुलासा: जावाच्या जार फाईलमधून सोर्स कोड जसाच्या तसा परत मिळत नाही

जावा प्रोग्रामचा सोर्स कोड (आपण लिहिलेला मूळ कोड) उडाला तरी जेडी-जीयूआय या टूलमध्ये (तयार प्रोग्रामवरून कोड परत काढणारं) जार, म्हणजे तयार प्रोग्रामची फाईल, उघडा, कमेंटसकट (कोडमध्ये लिहिलेल्या टिपांसकट) सगळं परत मिळतं, हा चिपळूण-रत्नागिरीच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज मीच टाकलेला आणि तो चुकीचा आहे, माफ करा. काल स्वतःच्याच प्रोजेक्टवर करून बघितलं, कमेंट एकही नाही, कारण कंपाईल होतानाच (कोडचं जावा चालवू शकेल अशा रूपात भाषांतर होताना) त्या गळतात, त्यातून बनणाऱ्या आणि जारमध्ये असणाऱ्या क्लास फाईलमध्ये जातच नाहीत, आणि मेथडच्या आतल्या व्हेरिएबलची नावं डीबग माहितीसकट (चुका शोधायला ठेवलेली जादा माहिती) कंपाईल केलं असेल तरच राहतात, नायतर टूल आपल्या मनाने नावं देतं. लॉजिक बऱ्यापैकी कळतं, तेवढं खरं. नव्या जावासाठी सीएफआर किंवा व्हाइनफ्लॉवर हे तसलंच टूल बरं. २०२१ च्या पुरात चिपळुणात किती जणांचे कॉम्प्युटर पाण्यात गेले ते आठवा, बॅकअप बाहेर कुठेतरी ठेवाच, आणि तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.