हवाई पाहणी

काल रविवारी रात्री ८ वाजून ५१ मिनिटांनी, टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या टप्प्याचे शेवटचे चार किलोमीटर उरलेले असताना, माझ्या हातातला रिमोट गेला. हिसकावला असं म्हणणार नाही. नेणारे माझे मामेसासरे आहेत, वय पंच्याहत्तर, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू चारच दिवसांपूर्वी काढलेला. अशा माणसाशी झटापट केली तर लोक काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे.

"नऊला महाएपिसोड हाय, जावईबापू," ते म्हणाले. "ह्यांचं काय, हे उद्याबी सायकलच मारणार."

टूर द फ्रान्स म्हणजे तीन आठवडे, एकवीस टप्पे आणि साधारण ३,४०० किलोमीटर. टप्पा तिकडे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपतो, म्हणजे आपल्याकडे रात्री नऊ. १९०३ साली ही शर्यत सुरू करणाऱ्यांनी मराठी घरातल्या नऊच्या मालिकेचा विचार केला नव्हता, आणि त्याची फळं मी दर जुलैत भोगतो.

मामा बार्शीकडचे. तलाठी म्हणून निवृत्त झाले. डॉक्टरांनी त्यांना जवळचं फार बघू नका असं सांगितलंय. फ्रान्स लांब आहे, या हिशेबानं ते दुपारीच माझ्या शेजारी येऊन बसले. पहिली दहा मिनिटं शांततेत गेली. मग हेलिकॉप्टर वर उठलं आणि पडदाभर पिवळंधमक शेत पसरलं.

"सूर्यफूल," मामा म्हणाले.

"हो."

"एकाच गटात दिसतंय. मधे बांध न्हाईत."

"मामा, तो निळ्या जर्सीवाला बघा, सुटायच्या बेतात—"

"किती आसंल? सोळा-सतरा एकर?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"तुम्ही वर्गणी भरलीया न्हवं ह्याची? मग सांगत न्हाईत व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चढ किती टक्के ते सांगतात, वेग सांगतात, पुढच्यामागच्यातलं अंतर सेकंदात सांगतात. एकर सांगत नाहीत.

"हेलिकॉप्टर कुणाचं?"

"टीव्हीवाल्यांचं."

"मंत्री हाय आत?"

"नाही मामा. कॅमेरा आहे."

"मंत्री न्हाई आन् हवाई पाहणी?" मामा विचारात पडले. "मग मदत कोण जाहीर करणार?"

मी समजावलं की पीक चांगलं आहे, मदतीचा प्रश्न येत नाही. उलट तिकडचे शेतकरी या हेलिकॉप्टरची वाट बघतात. शेतात गवताच्या गठ्ठ्यांची नाहीतर ट्रॅक्टरची मिळून भलीमोठी सायकल मांडतात, वरून दिसावी म्हणून. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पीकपाहणीत नसलेला ऊस सातबाऱ्यावर चढवायला सांगणाऱ्या खातेदाराकडे पाहत असतील.

तेवढ्यात वाडा आला. टूरच्या प्रक्षेपणात वाडा येतोच. टेकडीवर दगडी किल्लेवजा घर, चार बुरूज, खाली नदी. हेलिकॉप्टर त्याला प्रदक्षिणा घालतं आणि समालोचक त्या घराण्याची कुळकथा लावतो. मामा पुढे सरसावले. "आता दाखवत्यात नीट. वारस किती हायेत म्हणाला?"

वारस किती ते मी ऐकलं नाही, कारण प्रदक्षिणा संपून चित्र रस्त्यावर आलं तेव्हा घोळका फुटला होता आणि दोघं पंधरा सेकंदांनी पुढे होते. दीड तास ज्या एका क्षणासाठी मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, तो वाड्यामागे घडला. चढावर बाकीच्यांना टाकून एकजण उठतो, मागे बघतो, पुन्हा उठतो, त्यासाठी तर सगळा अट्टाहास. क्रिकेटमध्ये विकेट पडताना कॅमेरा पॅव्हेलियनच्या कौलांवर गेला असता तर देशात काय झालं असतं?

आमच्या रविवारच्या सिंहगड ग्रुपमध्ये यावर उभे दोन तट आहेत. एक म्हणतो, फक्त शेवटचे वीस किलोमीटर दाखवा, बाकी वेळ बघण्यासारखं काही नसतं. दुसरा म्हणतो, आख्खा टप्पा हवा. २०१७ पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या मीटरपासून शेवटच्यापर्यंत दाखवतात. मी दुसऱ्या तटात. सपाट टप्प्यात चार-चार तास काही घडत नाही आणि मी सोफ्यावर घोरतो हे खरं, पण ते माझ्या मर्जीनं. वाड्यावर मात्र दोन्ही तटांचं एकमत आहे. पायथ्याशी कांदाभजी खाताना आम्ही फ्रान्समधल्या दिग्दर्शकाला जे बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

मग पाऊस आला, चित्राचे चौकोन चौकोन झाले (मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्याचं चित्र आधी वर उडणाऱ्या हेलिकॉप्टर-विमानाकडे पाठवावं लागतं, हवा बिघडली की संपलं), आणि चौकोन जुळले तेव्हा वळणावर सात-आठजण आडवे पडलेले.

"पंचनामा कोण करतं?" मामा.

वास्तविक इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सांगायची हौस. म्हटलं, मामा, हे काहीच नाही. २०११ साली टीव्हीच्याच मोटारीनं एकाला उडवलं, दुसरा काटेरी तारेच्या कुंपणात जाऊन पडला, होगरलँड त्याचं नाव, तेहतीस टाके पडले.

"गाडी टीव्हीवाल्यांचीच?"

"हो."

"मग बातमीत आलं नसंल."

आलं होतं, म्हटलं. आणि २०१६ साली माँ व्हाँतूच्या चढावर गर्दीमुळे टीव्हीची मोटारसायकल थांबली, मागचे तिच्यावर आदळले, आणि पिवळी, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेल्याची जर्सी घातलेला फ्रूम सायकल मोडली म्हणून चक्क पायी पळत सुटला. २०२१ साली तर पहिल्याच दिवशी एक बाई आजी-आजोबांचं नाव लिहिलेला पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरून उभी राहिली, सायकलवाल्यांकडे पाठ करून. टोनी मार्टिन पुठ्ठ्यावर आपटला, त्याच्यावर दुसरा, असे कितीतरी पडले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजी-आजोबांनी बघितलं का पण?"

एव्हाना साडेआठ झाले होते. जेवणं टीव्हीसमोरच. मामा भाकरी मोडता मोडता त्यांच्या सायकलबद्दल बोलू लागले. चोवीस इंची, मागे कॅरियरला दप्तर बांधलेलं, सजातली पाच गावं, जाताना वारा समोरून आणि येतानाही समोरूनच. "आमच्या पुढं कुणी वारं फोडाया न्हवतं. कोतवाल मागं. त्यो हुशार." घोळक्यात दुसऱ्याच्या आडोशानं जाऊन दम राखायचा, हे या खेळातलं मर्म मी बायकोला अकरा वर्षं समजावतोय. मामांनी ते चार वाक्यांत उरकलं आणि लोणचं मागितलं. मला क्षणभर त्यांच्याबद्दल फार प्रेम वाटलं. ८ वाजून ५१ मिनिटांपर्यंत टिकलं.

"नंतर मोबाईलवर बघ की," बायको म्हणाली. मी मोबाईल घेऊन गॅलरीत गेलो. अ‍ॅप म्हणालं, हे खातं दुसऱ्या पडद्यावर सुरू आहे. दुसऱ्या पडद्यावर सून देवघरासमोर रडत होती. आत जाऊन अ‍ॅप नीट बंद करायचं म्हणजे तिचं रडणं थांबवायचं, आणि तेवढं धैर्य माझ्यात नाही. परत पैसे भरू का असा विचार करतोय तोच अ‍ॅपनं दयाळूपणे चित्र लावलं, आणि आधी एका बँकेची जाहिरात. न टाळता येणारी. ती चालू असतानाच सिंहगड ग्रुपवर टाळ्यांची चित्रं आणि विजेत्याचं नाव येऊन पडलं.

दर वर्षी वर्गणी वाढते, अ‍ॅप बदलतं, आणि मी मुकाट्यानं भरतो. दुसरं करणार काय? आपली मुंबई-पुणे सायकल शर्यत, खंडाळ्याचा घाट, 'घाटाचा राजा' हा किताब, हे सगळं मी पाहिलंय ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून. समोरून घोळका बारा सेकंदांत गेला, मागून टेम्पोंचे हॉर्न. घाटात पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी पेपरात शोधावं लागलं, तेही खालच्या कोपऱ्यात. आमच्या बातम्यांत सायकल येते ती कुणी तिच्यासकट नाल्यात गेलं तर. फ्रान्समधल्या गाईसुद्धा हेलिकॉप्टरमधून दिसतात, आणि मला पहाटे कात्रजच्या घाटात डंपरवाल्यानं कडेच्या खडीत ढकललं तेव्हा बघायला एक कुत्रं होतं. पायाला लागलेली ती खडी अजून टोचते.

आज सोमवार. साडेचारला ऑफिसातून फोन केला तर बायको म्हणाली, मामा अंघोळ करून, डोळ्यात औषध घालून टीव्हीसमोर बसलेत, आज वाडे कुठल्या तालुक्यातले आहेत ते विचारतायत. मी म्हटलं, त्यांना सांग, आज शर्यत नाही, विश्रांतीचा दिवस आहे.

फोन मामांनी घेतला.

"पगारी का बिनपगारी?"