लूपसच्या पत्रांची पहिली छापील आवृत्ती : एक खुलासा

फ्रान्समधल्या फेरिएरचा नवव्या शतकातला मठाधिपती लूपस याची पत्रं फ्रेंच विद्वान बाल्यूझने १६६४ साली प्रथम छापली आणि त्यासाठी अनेक हस्तलिखितं ताडून पाहिली, असं सध्या फिरतंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. फ्रेंच इतिहासकार पापीर मासाँने ती १५८८ मध्येच पॅरिसला छापली होती. बाल्यूझचा पाठ अधिक शुद्ध, म्हणून एकोणिसाव्या शतकातला प्रकाशक मीन्य याने पुढे आपल्या लॅटिन ग्रंथमालेत तोच घेतला. पण त्यामुळे मासाँचं श्रेय पुसू नये. आणि ‘अनेक’ कुठली? जवळजवळ सगळा पत्रसंग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एकाच हस्तलिखितावर (लॅटिन २८५८) तगून आहे. ते हरवलं असतं, तर शार्लमेन सम्राटाचा चरित्रकार आइनहार्ट याच्याकडे रोमन वक्ता सिसेरोची पुस्तकं मागणारा हा ग्रंथवेडा माणूस आपल्याला जवळपास अनोळखीच राहिला असता. पत्रांचा कालक्रम फ्रेंच इतिहासकार लेव्हियांने आपल्या १९२७-३५च्या दोन खंडांच्या आवृत्तीत लावला.