शेवटचा शॉट सगळ्यांना आठवतो, सराव कुणालाच नाही

अमेरिकेतल्या इंडियानात हायस्कूल बास्केटबॉलचा विषय निघाला की १९५४ चं मायलन या छोट्या गावचं हायस्कूल निघतंच. १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मन्सी सेंट्रलसारख्या बलाढ्य शाळेला ३२-३० हरवून राज्य जिंकलं. बॉबी प्लंपचा तो शेवटचा शॉट सगळ्यांच्या तोंडी असतो. कोच मार्विन वुड, वय २६. चौथ्या क्वार्टरला संघ दोन गुणांनी मागे असताना प्लंप चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल धरून उभा होता. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची वेळमर्यादा, तेव्हा नव्हताच. पण मागे असून पोरं घाबरली नाहीत, ते सरावाचं फळ.

छोट्या गावच्या कोचला खेळाडू निवडायची चैन नसते. उंच पोरगा एकच, तोच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा. हायस्कूलला पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. त्याचे हाफटाइमच्या आत तीन झाले तर बाकावरून उठवणार कुणाला? म्हणून माझ्या मते या कोचची खरी परीक्षा एकच: पोरं हाताने अडवून फाऊल करतात, की पाय हलवून वाट अडवतात?

त्यासाठी शेल ड्रिल, म्हणजे बचावाचा सराव, रोज दहा-बारा मिनिटं. चार विरुद्ध चार. बॉलवाल्याला एकाने भिडायचं, एका पासच्या अंतरावरच्याने पासची वाट अडवायची, दोन पास लांबच्याने लेनमध्ये (बास्केटसमोरच्या पट्ट्यात) सरकून मदतीला उभं राहायचं. बिघडतं ते पुढे. बॉल लांबच्या माणसाकडे गेला की मदतीचा पोरगा तसाच सुसाट धावत जातो. समोरचा फक्त शॉटची हूल देतो, आपला पोरगा शेजारून निघून जातो किंवा त्याच्या अंगावर आदळतो. फाऊल! म्हणून धावत जाताना शेवटची तीन-चार पावलं आखूड, कंबर खाली, एक हात वर. हे अंगात मुरायला अख्खा सीझन जातो.

झोन लावून, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, कमकुवत पोरं लपवता येतात, खरंय. पण २-३ झोनमध्ये (दोघं पुढे, तिघं बास्केटजवळ) बॉक्स-आउट करायला, म्हणजे अंगाने मागे रोखून धरायला, ठरलेला माणूस नसतो, मग रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे बॉल) हातचे जातात. कोपऱ्यातला थ्री (तीन गुणांचा शॉट) उघडा राहतो तो वेगळाच.

फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, सरावाच्या सुरुवातीला, ताज्या पायांनी मारून घेणारे कोच मला कळतच नाहीत. स्प्रिंट झाल्या, धाप लागली, की दोन मारायचे. मॅचमध्ये तसेच मारावे लागतात. पाय थकले की शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. तेव्हा ‘जोर लाव’ ओरडून हात आणखी बिघडतो, सांगायचं ते ‘गुडघे वाकव’.