वाचवलेल्या गावात त्याला राहता येत नाही

गेल्या आठवड्यात दादा डॉक्टरला पाठ दाखवायला नाशकात आला आणि रात्री माझ्याकडेच मुक्कामाला राहिला. जेवणं झाल्यावर मुलीनं हट्टानं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग लावला. २००३ चा, ११ ऑस्कर मिळवलेला, तीन तास वीस मिनिटांचा. पहिले दोन भाग दादानं दिवाळीत तिच्यासोबतच पाहिले होते. मला वाटलं, हा अर्ध्यात झोपेल. झोपला नाही. मध्ये एकदा उठून निफाडला गड्याला फोन लावला, पारा उतरतोय, द्राक्षबागेत शेकोट्या पेटव म्हणाला, आणि परत येऊन बसला.

तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितोय.

सिनेमाचा नायक फ्रोडो एक घातक अंगठी ज्वालामुखीत टाकून नष्ट करायला निघालेला असतो, सोबत मित्र सॅम. हा फ्रोडो कमकुवत नायक, असं बरेच जण म्हणतात. सगळं सॅमनं केलं, हा नुसता धडपडत गेला आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचल्यावर अंगठी टाकायलाच तयार होईना. कॉलेजात मीही हेच म्हणायचो. आता अजिबात पटत नाही.

ती अंगठी त्यानं मागितली नव्हती. बिल्बोकाकांकडून वारशात आली. मोठमोठे योद्धे ती कोणी न्यायची यावरून भांडत असताना हा बुटका पोरगा पुढं येतो आणि म्हणतो, मी नेतो, फक्त वाट मला ठाऊक नाही.

हे मी आमच्या ओसरीवर पाहिलंय. आण्णा गेले तेव्हा दादा १९ वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तेराव्याच्या दुपारी चुलते, मामा सगळे बसलेले. सोसायटीचं कर्ज, औषधांच्या दुकानाची उधारी, बाग विकायची का वाट्यानं द्यायची, आवाज चढलेले. दादा पाण्याचा तांब्या घेऊन आला, मधोमध ठेवला आणि म्हणाला, "बाग मी बघतो. ह्याला शिकू द्या." ह्याला म्हणजे मला. छाटणीची कात्रीसुद्धा तेव्हा त्याच्या हातात नीट बसत नव्हती.

त्याग म्हटलं की आपल्याला हरिश्चंद्र आठवतो. आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट आणला तोही त्याचाच. त्या कथेत शेवटी देव प्रकट होतो आणि राज्य, तारामती, रोहिदास, सगळं परत मिळतं. फाळक्यांच्या स्वतःच्या घरात तसं झालं नाही. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कंपनीच्या माणसांना रांधून घातलं, वर फिल्मला भोकं पाडायला बसल्या. १९४४ मध्ये फाळके इथं नाशकातच वारले, तेव्हा लोक त्यांना विसरत चालले होते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झालं ते कितीतरी वर्षांनी. त्यावरून जाताना मला नेहमी सरस्वतीबाईच आठवतात.

फ्रोडोलाही काही परत मिळत नाही. म्हणून मला हा सिनेमा खरा वाटतो. मूळ कादंबरी लिहिणारे टॉल्किन १९१६ साली सॉमच्या लढाईत होते, आणि पहिलं महायुद्ध संपेपर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांतला एकच उरला होता. जे परत येतात त्यांचं पुढं काय होतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आणि तो शेवटचा नकार? अंगठी तिथवर नेईपर्यंत फ्रोडोच्या अंगात काही शिल्लकच राहिलं नव्हतं. पुढचं काम झालं ते गॉलममुळे, त्या अंगठीसाठी वेडा झालेल्या प्राण्यामुळे, ज्याला मारता येत असताना फ्रोडोनं सोडलं होतं. गॉलम त्याचं बोट तोडून अंगठी हिसकावतो आणि तिच्यासकट लाव्ह्यात जातो. २०१४ च्या गारपिटीत आमची बाग झोपली, तेव्हा दादाही दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होता. "विकून टाका, नको मला," एवढंच म्हणायचा. आई उशाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तो उठून पडलेल्या तारा उचलायला गेला. त्या दोन दिवसांवरून कोणी त्याला कमकुवत म्हटलं, तर मी भांडेन.

सिनेमात एक छोटा प्रसंग आहे, पूर्वी तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. सगळं संपवून चौघं मित्र गावच्या खानावळीत येऊन बसतात. गावकऱ्यांना काहीच माहीत नाही. सगळे कोणाच्या तरी मोठ्या भोपळ्याचं कौतुक करण्यात दंग. चौघं एकमेकांकडं बघतात आणि गुपचूप पेले उचलतात. गंगापूर रोडच्या एका कार्यालयात परवाच्या लग्नात पाव्हणे माझ्याभोवती जमले होते, कंपनी कुठली, पॅकेज किती. दादा दोन खुर्च्या सोडून बसला होता, बोरं चोखावीत तशी सुपारी चघळत. त्या भोपळ्यासारखा मी मधोमध, आणि मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही की माझी फी कुठल्या हंगामाच्या पैशातून भरली ते त्याला विचारा.

शेवटी बंदरावर फ्रोडो सॅमला सांगतो, आपण गाव वाचवलं, पण ते माझ्यासाठी नव्हे. वर्षं लोटली तरी खांद्याची जखम ठणकतेय. त्याला कायमचं घेऊन जहाज निघतं. मुलगी रडायला लागली. "एवढं सगळं करून हा घरी का नाही राहत?"

दादा टीव्हीकडंच बघत होता. "नाही राहवत बाळा," म्हणाला. "सगळं तसंच असतं, पण आपण तसं नसतो."

२५ वर्षांत मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कधी.

मग त्यानं विचारलं, "तो सॅम माळी ना? एवढे दिवस त्याच्या बागेचं कोणी पाहिलं?"

म्हटलं, सिनेमात दाखवलेलं नाही, पण पुस्तकात आहे. परत येतो तर गावातली झाडं तोडून टाकलेली. त्याच्याकडं भेट मिळालेली एक डबीभर माती असते. तो जागोजाग नवी रोपं लावतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो.

दादा सावरून बसला. "माती कुठली होती?" दीड वाजला होता. मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.