चॅट, जबाब आणि आरोपपत्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. २०२१ च्या मुंबईतील क्रूझ प्रकरणावरील, म्हणजे क्रूझ जहाजावर अमली पदार्थांसाठी पडलेल्या छाप्यावरील, माझ्या लेखाला आपला मुख्य आक्षेप असा, की ‘वाजवी संशयापलीकडे’ ही निकालाच्या वेळची कसोटी आरोपपत्रालाच लावून मी सहा जणांना आरोपपत्रातून वगळण्याचे समर्थन केले. मोबाईलमधील चॅट आणि जबाब हाती असताना त्यांच्यावर खटला चालवायला हवा होता, बाकीचे मुद्दे तांत्रिक आहेत, असे आपले म्हणणे.

आरोप निश्चित करताना प्रथमदर्शनी पुरावा पुरतो, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. मात्र ती कडक कसोटी माझ्या पदरची नाही. २७ मे २०२२ रोजी १४ जणांविरुद्ध तक्रार (म्हणजेच आरोपपत्र) दाखल करताना एनसीबीनेच, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागानेच, ती आपल्या निवेदनात नमूद केली होती. ती बाजूला ठेवली, तरी प्रथमदर्शनी पुरावाही कायद्याने ग्राह्य असा लागतो आणि जबाबाचे घोडे तिथेच अडते. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने तूफान सिंग खटल्यात ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे क्रूझवरील छाप्याच्या वर्षभर आधी, दिला होता.

राहता राहिल्या चॅट. चॅटवरून माग काढता येतो. पण ज्याचा उल्लेख आहे तो पदार्थ कोणता, किती आणि कोणाच्या ताब्यात होता, हे चॅट सांगत नाही, आणि या कायद्यात शिक्षा ठरते ती पदार्थ व वजनावर. चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाणात मोडते. एक किलोच्या पुढे ते व्यापारी प्रमाण होऊन किमान शिक्षाच दहा वर्षांची होते. येथे ज्या तरुणाच्या नावाने गदारोळ झाला त्याच्याकडे काहीच सापडले नव्हते. सोबतच्या मित्राकडे सहा ग्रॅम चरस होते. या चॅटमधून कट दिसत नाही आणि एकत्र प्रवास केला म्हणून कट सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या आदेशातच म्हटले होते.

आपण ज्यांना तांत्रिक म्हणता, त्यांतील कलम ५० घ्या. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोरच अंगझडती घेतली जाण्याचा आपल्याला हक्क आहे, हे प्रत्येक आरोपीला स्वतंत्रपणे सांगावे लागते. दोघांना एकदम सांगून एकाच कागदावर सह्या घेतल्या तर भागत नाही. ही कडक शिस्त अशासाठी, की ताबा सिद्ध झाल्यावर कलम ५४ नुसार गृहीतक आरोपीच्या विरुद्ध जाते आणि व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ मिळतच नाही. सगळा डोलारा झडतीच्या त्या एका पंचनाम्यावर उभा असतो. तरीही न्यायालये प्रत्येक त्रुटीवर आरोपीला सोडत नाहीत : हातातील पिशवीच्या झडतीला कलम ५० लागू नाही, हे २००५ पासून स्पष्ट आहे.

‘पैसेवाल्याच्या वेळीच यंत्रणेला कायदा आठवतो’, हे आपले वाक्य मात्र मला खोडता येत नाही. या प्रकरणाचा तपास मुंबई विभागाकडून काढून विशेष पथकाकडे गेला आणि पुरावा पुन्हा तपासला गेला. एरवी लाखेचे सील कोणी लावले, पंच खरोखर हजर होता का, हे प्रश्न पंचाच्या उलटतपासणीत प्रथम निघतात आणि तोवर आरोपीची काही वर्षे कच्च्या कैदेत गेलेली असतात. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात तपासाला १८० दिवस मिळतात. तेवढ्या मुदतीत सरकारी वकिलाने मूळ पंचनामा आणि प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवून प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगवेगळा तपासावा, अशी मागणी आपण केली असती, तर मी तिच्याखाली सही केली असती.