मला आवडत नाही, पण ती बसू शकते

आज सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन. त्याला इकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळालाय, आता मुंबईला व्हिसाची मुलाखत आहे. मला वाटलं, थंडीचे कपडे तिकडूनच घेऊ का, कुकर आणू का, असलं काहीतरी विचारेल. तर म्हणाला, "आत्या, रागावू नकोस हं. मला फेसबुकवर थोडे दिवस अनफ्रेंड करशील का?"

कारण काय, तर मागे मी टफ्ट्स विद्यापीठातल्या त्या तुर्की विद्यार्थिनीबद्दल लिहिलं होतं. तुम्हाला आठवत असेल, मार्च 2025 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलला ती रोजा सोडायला निघाली होती आणि तोंडं झाकलेल्या, साध्या कपड्यातल्या माणसांनी तिला रस्त्यातच धरलं. गुन्हा दाखल झाला नव्हता. कॉलेजच्या पेपरात तिघांबरोबर मिळून एक लेख लिहिला होता, बस्स. लुईझियानाच्या कोठडीत सहा आठवडे काढले तिने. माझ्या त्या पोस्टखाली भाच्याने "हे चुकीचं आहे" एवढंच लिहिलं होतं. ते त्याने कधीच काढून टाकलंय. पण व्हिसाची कामं करून देणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलं की नुसती कॉमेंट काढून भागत नाही, असली माणसंही लिस्टमध्ये नकोत. असली म्हणजे मी!

केलं अनफ्रेंड. त्याच्या आयुष्याशी मी खेळणार नाही. पण तेव्हापासून डोकं फिरलंय, आणि रागात लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जून 2025 पासून स्टुडंट व्हिसा मागणाऱ्यांनी आपली सोशल मीडियाची सगळी खाती जगाला उघडी ठेवायची, असा इथल्या परराष्ट्र खात्याचा फतवा आहे. डिसेंबरपासून तेच एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोर (त्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) वाल्यांनाही लागू झालं. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या घरांना. त्या महिन्यात भारतात ज्यांच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या आणि जे तिकडेच अडकून पडले, ते तुमच्याही ओळखीत असतील.

आता माझ्या लेकीची गोष्ट. जुन्या मैत्रिणींनी ऐकलेली आहे, तरी ऐका.

2003 साल. इराकचं युद्ध नुकतं सुरू झालेलं. लेक सातवीत. इथे शाळेत सकाळी स्पीकरवरून घोषणा होते, सगळी मुलं उभी राहतात आणि छातीवर हात ठेवून झेंड्याला निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. बाईसाहेब एक दिवस उभ्याच राहिल्या नाहीत. बाकावर बसून पुस्तक वाचत राहिल्या. टीचरने तिला वर्गाबाहेर काढलं आणि वर ऐकवलं, "तुमच्याकडे चालत असेल हे." आमच्याकडे म्हणजे नक्की कुठे हो? पोरगी जन्मली इथेच, न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला!

तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं. नवरा एच-वनवर, मी एच-फोरवर, घरी बसून. नवरा म्हणाला, तिला उद्यापासून उभं राहायला सांग, विषय संपव. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणजे उंचापुरा गृहस्थ, टेबलावर छोटा झेंडा, भिंतीवर सैन्यातला फोटो. म्हटलं, झालं कल्याण. त्यांनी माझं ऐकून घेतलं, कपाटातून एक जाडजूड फाईल काढली, चष्मा लावून एक पान वाचलं आणि फाईल मिटली. म्हणाले, "मला आवडत नाही. पण ती बसू शकते." आणि माझ्यासमोरच त्या टीचरला बोलावून हेच वाक्य पुन्हा म्हणाले.

पाच मिनिटं लागली असतील. माझा व्हिसा कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्याही मनात आलं नाही की हे कोणी विचारेल.

त्या फाईलमध्ये काय असणार, ते मला पुढे नागरिकत्वाचा अभ्यास करताना कळलं. 1940 साली यहोवाचे साक्षीदार या पंथातली दोन भावंडं झेंड्याला सलाम करेनात, कारण त्यांच्या धर्मात देवाशिवाय कोणालाच सलाम चालत नाही. शाळेने काढून टाकलं आणि सुप्रीम कोर्टानेही आठ विरुद्ध एक मतांनी शाळेचीच बाजू घेतली. त्यानंतर देशभर त्या पंथाच्या लोकांना जमावाने झोडपलं. तीनच वर्षांनी, 14 जून 1943 ला, वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यात त्याच कोर्टाने आपलाच निकाल फिरवला. तारीख मुद्दाम सांगितली, तो इथला झेंडा दिन असतो. आणि साल बघा! हिटलरशी युद्ध ऐन भरात, घराघरातली पोरं आघाडीवर, आणि कोर्ट म्हणतंय की शाळकरी मुलाला झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येणार नाही. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारणात, राष्ट्रप्रेमात, धर्मात काय मानायचं, हे कोणताही अधिकारी, मोठा असो की छोटा, ठरवून देऊ शकत नाही. गंमत म्हणजे आधीआधी तो सलाम हात समोर ताणून करायचे, थेट नाझींसारखा दिसायचा. 1942 मध्ये लाज वाटून हात छातीवर आणला.

आणि आमच्या न्यू जर्सीत? इथे कायदा होता की प्रतिज्ञा म्हणायची नसेल तर नका म्हणू, पण उभं राहावंच लागेल. 1978 साली फेडरल अपील कोर्टाने तेही मोडीत काढलं, इथल्याच एका शाळकरी मुलीच्या खटल्यात. म्हणजे माझी लेक बाकावर बसली ती कोणाच्या तरी पोरीने आधी भांडून ठेवल्यामुळे.

म्हणून "आपण बाहेरचे, आपण गप्प बसावं" हे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या काका लोकांचं पालुपद ऐकलं की माझी तार सटकते. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती 1791 ची. धर्म, बोलणं, छापणं, शांतपणे जमणं आणि सरकारकडे गाऱ्हाणं नेणं, या पाच गोष्टींत सरकारने ढवळाढवळ करायची नाही. त्यात नागरिक हा शब्दसुद्धा नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेला माझ्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती, तिच्यात या पाचांपैकी एक सांगा असा प्रश्न होता. काकांनीही तो पाठ केलेला आहे. उत्तर देऊन आले आणि विसरले!

हॅरी ब्रिजेस म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा पुढारी होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो कम्युनिस्ट आहे म्हणून त्याला देशाबाहेर काढायला सरकार वर्षानुवर्षं हात धुऊन मागे लागलं होतं. 1945 साली सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द केला आणि स्वच्छ लिहिलं की इथे राहणाऱ्या परकीयांनाही भाषणस्वातंत्र्य आहे.

हो, ठाऊक आहे, लगेच कॉमेंटमध्ये वकील उगवतील. 1952 मध्ये त्याच कोर्टाने जुन्या कम्युनिस्टांची हकालपट्टी चालवून घेतली. आणि अजून देशात पाऊलच न ठेवलेल्याला नाही म्हणायला सरकारला भरपूर मोकळीक आहे, व्हिसा हा काही कोणाचा हक्क नाही. मान्य. पुढे?

कारण मुद्दा तो नाहीच. कायद्याचा एकही शब्द न बदलता पुण्यात बसलेला बावीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या आत्याला लिस्टमधून काढायला सांगतो, आणि त्याला कोणत्याही अधिकाऱ्याने तसं सांगितलेलं नाही! तो इथे येईल, शिकेल, नोकरी करेल, ग्रीन कार्डच्या रांगेत आपले लोक जेवढं ताटकळतात तेवढं ताटकळेल आणि तोवर तोंडातून ब्र काढणार नाही. इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस पुढे नागरिक होऊन अचानक बोलायला लागतो का? मी तरी पाहिलेला नाही. माझ्या आजूबाजूला सगळे घराच्या किमतीवर बोलतात.

बरं, त्या मुख्याध्यापकांचं मला अजून कौतुक वाटतं ते त्यांच्या पहिल्या वाक्यासाठी. आवडत नाही म्हणाले ना! आवडलं असतं तर त्यात मोठेपणा कसला? 2011 चा वेस्टबरो चर्चचा निकाल घ्या. इराकमध्ये मेलेल्या एका सैनिक पोराच्या अंत्ययात्रेच्या वेळी या चर्चची माणसं "देवा, मेलेल्या सैनिकांबद्दल आभार" असे फलक घेऊन उभी. त्या बापाच्या जागी मी असते तर काय केलं असतं, सांगवत नाही. सुप्रीम कोर्ट आठ विरुद्ध एक म्हणालं, सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक प्रश्नावर, उभं राहू द्या. मला तो निकाल आजही गिळवत नाही. पण माझ्या पोरीला बसायला मिळालं ते याच हिशेबाने.

आपल्या लोकांना हाच हिशेब नको असतो. आपल्या ढोलताशाला रस्ता हवा, मिरवणुकीला परवानगी हवी. मिळतेही, कारण कोणाची मिरवणूक आहे हे बघून इथल्या गावाला जास्त फी लावता येत नाही, 1992 सालीच ठरलंय ते. आपलं देऊळ व्हायचं म्हटलं की शेजारी ट्रॅफिक आणि पार्किंगची रड घेऊन येतात, तेव्हा आपण धर्मस्वातंत्र्याचा 2000 सालचा कायदा दाखवतो. अगदी बरोबर करतो. मग इथल्याच बर्नार्ड्स टाऊनशिपने मशिदीला पार्किंगवरूनच अडवलं, चर्चपेक्षा जास्त जागा मागितल्या, कोर्टात हरले आणि 2017 मध्ये सव्वातीन मिलियन डॉलर मोजून तडजोड केली, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना बरं वाटलं? तेव्हाची जेवणाच्या टेबलावरची वाक्यं माझ्या लक्षात आहेत. नावं घेत नाही, दिवाळीत पुन्हा भेटायचं आहे.

हेही लिहून टाकते, नाहीतर कोणीतरी सुनावेलच. 2003 मध्ये माझ्या जागी हिजाब घातलेली आई असती, तर ती पाच मिनिटांत बाहेर आली असती का? बहुतेक नाही. 9/11 नंतर चारच दिवसांत ॲरिझोनात पेट्रोल पंपावरच्या एका शीख माणसाला पगडी बघून गोळी घातली होती. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाहीये.

पण दार उघडून आत जायची भीती मला वाटली नव्हती. एच-फोरवरच्या, नोकरी नसलेल्या, मोडक्या इंग्रजीतल्या बाईला. भाच्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगलं आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये बोस्टनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश विल्यम यंग यांनी निकाल दिला की कायदेशीरपणे इथे असलेल्या परकीयांना नागरिकांइतकंच बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि विद्यार्थ्यांची धरपकड घटनाबाह्य आहे. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनने नेमलेले न्यायाधीश हं, आमच्यासारखे झोळीवाले नाहीत. त्यांना कोणीतरी निनावी पोस्टकार्ड पाठवलं होतं: ट्रम्पकडे माफीचे अधिकार आहेत, रणगाडे आहेत, तुमच्याकडे काय आहे? म्हाताऱ्याने ते कार्ड निकालाच्या अगदी वर छापलं आणि खाली दीडशेहून जास्त पानांचं उत्तर लिहिलं. वाचताना मला रडू आलं, खरंच. वरच्या कोर्टात काय व्हायचं ते होवो.

दुपारी लेकीला फोन केला. तिला आता स्वतःचा मुलगा आहे. सगळं सांगितल्यावर हसली आणि म्हणाली, आई, तू त्याला सांग ना, मुलाखत होऊ दे, मग तूच मला परत रिक्वेस्ट पाठव. मी म्हटलं, मुलाखत झाली तरी व्हिसा कधीही रद्द होऊ शकतो, तो आता नागरिक होईपर्यंत मला रिक्वेस्ट पाठवणार नाही. मग ती हसली नाही.

असो. त्याच्यावर माझा राग नाही. पोरगं हुशार आहे, आईबापांनी कर्ज काढलंय, त्याने हेच करायला हवं होतं. राग आहे तो "बरं झालं, आता पोरं आंदोलनाच्या नादी न लागता अभ्यास करतील" असं लिहिणाऱ्यांवर. तुमची पोरं इथे जन्मली, अमेरिकेचा निळा पासपोर्ट घेऊन फिरतात, म्हणून सुचतंय हे.

ही पोस्ट मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकतेय. तिथे राजकीय पोस्टला बंदी आहे, माहीत आहे. अॅडमिन साहेब, खुशाल काढा. ग्रुप खासगी आहे, पहिली दुरुस्ती फक्त सरकारला बांधते, तुम्हाला नाही. फक्त काढण्याआधी वाचा, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाची जागा कुठली ठरली ते कळवा.